जीपवरचा सवाल

५ ऑक्टोबर २००७

महेंद्र,

जयभीम. हा शब्द रीत म्हणून लिहिलाय, त्यात माया शोधत बसू नकोस. सोळा वर्षांनी अक्काचं पत्र आलं म्हणून हसत असशील तर आधी तोंड पूस. तुझा फोन नंबर मिळालाय मला. दौंडच्या रेल्वे कॉलनीत कुणालाबी इचारलं तर मिळतो. पण फोनवर मी शिव्या घालीन आन् तू ठेवून देशील, म्हणून कागद. आमच्या भैरू कंडक्टरच्या हाती देतीय. त्याची यष्टी शिरूर-दौंड रोज हाय, तेव्हा पत्र पोचलं न्हाई अशी थाप मारू नकोस.

कॉम्प्युटरवर तू ते जे चालवतोस, ब्लॉग म्हणतात ना, त्याच्यावरनं माझ्यावरचं गाणं काढ. हे पत्र वाचून संपायच्या आत काढ.

का, ते ऐक. मी ग्रामपंचायतीला उभी हाय. आमच्या वॉर्डाची जागा बाईला राखीव हाय. बापूसाहेबांच्या घरातनं आजवर सरपंचकी कधी भाईर गेली न्हाई, त्यांनी आमच्याच वस्तीतली एक गरीब बाई पुढं केलीय. सही कुठं करायची तेबी त्यांनाच इचारती. नळाची लाईन चार वर्षं झाली वेशीपाशी येऊन थांबलीय, ती वस्तीत आणायची म्हणून मी अर्ज भरला. चिन्ह कपबशी मागितलंय. कंपनीतनं सुटले की घरोघर फिरत व्हते, बायका हो म्हणत व्हत्या. सगळं बरं चाललं व्हतं.

काल तिन्हीसांजेला बापूसाहेबांची जीप वस्तीत आली. वर कर्णा. मला वाटलं, नेहमीचं 'ताई-माई-अक्का' आसंल. तर कर्ण्यातनं त्या सवाल-जवाबाच्या सामन्यातला म्हाळूचा आवाज, सोळा वर्षांमागचा:

सासर सोडलं, माहेर सोडलं, सोडलं चूल नि पाणी,
सांग सुरेखा, कुण्या घराची तू गं हायेस राणी?
जिच्या घराला दिवा न्हाई, ती दावील कुणाला वाट?
उजेडाचं गाणं गाती, आन् अंधारात खाट!

मी भाकरी थापत व्हते. हात तसाच राहिला आन् तव्यावरची करपली. बन्सीनं, माझ्या नवऱ्यानं, ताट बाजूला सारलं. सासू सारजाबाई लसूण सोलत व्हती, ती सोलत राहिली, वर बघितलंसुद्धा न्हाई. जीप दारासमोर थांबली, गाणं संपलं, परत पहिल्यापासनं लागलं.

बापूसाहेबांचा पुतण्या इंद्रजीत कारेगावला आमच्याच कंपनीत सुपरवायझर हाय. त्यानं म्हणे तुझ्या त्या ब्लॉगवरनं उतरवून घेतलं. आता ते मोबाईलमधनं मोबाईलमधी पळतंय. आज पॅकिंगच्या लाईनीवर बिहारचा एक जण मला म्हणतो, "भाभीजी, इसमें आपका नाम आता है क्या?" काय सांगू त्याला?

अर्ज मागं घ्यायची मुदत बारा तारखेपर्यंत हाय. बन्सी बापूसाहेबांच्याच ट्रॅक्टरवर ड्रायव्हर हाय, ते काय लिहायला नको. त्याला आज निरोप आलाय, बायकोला समजाव म्हणून. काढ ते गाणं.

सुरेखा

८ ऑक्टोबर

महेंद्र,

तुझी चिठ्ठी भैरूनं दिली. काढलं म्हणतोस. तुझ्यावर इश्वास ठेवायचे दिवस गेले, म्हणून कंपनीला रजा टाकून शिरूरला गेले आन् स्टँडसमोरच्या कॅफेत बसले. कॅफेवाला म्हणाला, "मावशी, काय बघायचंय?" म्हटलं, माझ्या भावाचे दिवे.

ते गाणं न्हाई तिथं, खरंय. पण खाली तू लिहिलेलं तसंच हाय. 'सामना, कारेगाव, १९९१. बाजू अ. गायन म्हाळू आणि पार्टी. शब्द म्हाळू. माझ्या बहिणीची अब्रू या माणसानं भरल्या मैदानात माइकवर काढली. मी त्याला मारलं. बहिणीनं मलाच दार बंद केलं. तरी गाणं म्हणून हे गाणं अस्सल आहे, म्हणून ठेवतोय.' वा रे वा. जगाला दाखवायला बरा भाऊ हायेस.

आन् ते 'शब्द म्हाळू' कशाला लिहिलंस? तुला कुणी सांगितलं शब्द म्हाळूचे म्हणून? म्हाळूला स्वतःची सही करताना घाम फुटायचा. माहीत नसंल तर लिहू नये माणसानं. ते काढ आधी.

रागानं उठणारच व्हते. पण तासाचं भाडं भरलेलं, म्हटलं बघू तरी, ह्या येड्यानं आणखी कुणाकुणाला उघड्यावर मांडलंय. आडवळणाची गाणी, नाव बरं हाय. कॉलनीत गोरे गार्ड राहत व्हते, त्यांच्या बंगल्यात सापडलेल्या तबकड्या. कसला गोल गोल फिरल्यासारखा बाजा हाय तो, मला पाय हालवावासा वाटला. पाबळच्या लग्नातला बँड, त्यात क्लॅरिनेटवाला मधीच शिंकतो, आन् तू ती शिंकपण ठेवलीस. कुठल्या आफ्रिकेतला गिटारवाला. रशियाच्या पोरांचं गाणं. कॅफेवाला माझ्याकडं बघायला लागला. ह्या बाईला नेमकं काय पायजे, असं.

मग आई दिसली. 'ताईबाई, खुरपणीचं गाणं.' मला माहीत न्हवतं तू ते टेप केलं व्हतंस. खुरप्याचा आवाज, बांगड्या, आन् आईचा तो घोगरा गळा. आन् मधीच, "ए म्हयंद्या, ते डबडं बंद कर आन् पाटी उचल!" मी कॅफेत मोठ्यांदा हसले आन् मग मला रडू आलं. हे तुला मुद्दाम सांगतीय, कारण कॅफेवाल्याकडनं कळलं तर तू फुगशील.

ते ठेव. ते काढू नकोस.

सामन्याच्या गाण्याखाली कुणीतरी हॉलंडमधनं इंग्रजीत इचारलंय, कॅफेवाल्यानं वाचून दाखवलं: सामन्यात सवालाला जवाब असतो ना, मग दुसरी बाजू कुठाय? तू उत्तर दिलंस, 'दुसरी बाजू कोरी आहे.' हॉलंडच्या माणसाला पडला तो प्रश्न तुला सोळा वर्षांत पडला न्हाई. धन्य हाय तुझी.

तू काढलंस म्हणून इथं थांबलं असं समजू नकोस. आता त्यांच्याकडं सीडी हाय. काल दोनदा जीप आली. नळावरच्या बायका मी गेले की बोलायच्या थांबतात. सविता, जी पहिल्या दिवसापासनं माझ्याबरोबर घरोघर फिरत व्हती, तिला कालपासनं डोकेदुखी हाय.    चार दिवस राहिलेत.

सुरेखा

११ ऑक्टोबर

महेंद्र,

आज सकाळी दार उघडलं तर दारात खाट. मोडकी, सुंभ लोंबणारी, कुणाच्या तरी गोठ्यातली. वर झेंडूचा हार घातलेला. गल्लीतली सगळी दारं अर्धी उघडी, आन् दारामागं डोळे.

  मी दाराला धरून उभी राहिले. बन्सी म्हणाला, "उद्या शिरूरला जाऊ. अर्ज मागं घे. मला तुझ्यावर भरवसा हाय, पण आपुन ह्या लोकांना पुरे न्हाई पडणार." 

सारजाबाई आतनं कुऱ्हाड घेऊन आली. म्हातारीनं हार काढून शेळीला घातला आन् खाटेचा पाय फोडायला घेतला. "बाभळीची हाय," म्हणाली, "लाकूड चांगलं हाय. पाणी तापवायला व्हईल." साऱ्या गल्लीदेखत तिनं ती खाट फोडली आन् त्याच पाण्यानं मला अंघोळ घातली.  त्या पाण्यात मी बसले आन् ठरवलं, तुला सांगायचं.

आता नीट वाच, आन् मधी उठू नकोस.

तो सवाल माझा व्हता. शब्द माझे. चारीच्या चारी ओळी.

सामना कसा असतो ते तुला माहीत हाय असं तुला वाटतं, कारण तू टेप घेऊन पुढं बसायचास. पण आम्ही दुपारी काय करायचो ते तुला कुणी सांगितलं न्हाई, कारण ते कुणालाच सांगायचं नसतं. दोन्ही पार्ट्या एका ताटात जेवायच्या. म्हाळूदादा म्हणायचा, "सुरेखा, आज माझ्या पार्टीला काय देतीस?" त्याच्याकडं गळा व्हता, शब्द न्हवते. मी त्याला सवाल करून द्यायचे, तो पाठ करायचा, आन् जवाब मी माझ्याजवळ ठेवायचे. रात्री तो माझ्यावर तुटून पडायचा, लोक शिट्ट्या मारायचे, आन् मग मी उठायचे. लोकांना ते खरंच वाटलं पायजे. ठरवून हाय असं कळलं तर कुणी चटई टाकून बसेल का?

तू म्हणशील, स्वतःवर असं घाण कसं लिहिलंस? अरे, मी पहिल्या नवऱ्याच्या घरनं निघून आले त्याला तवा वर्षबी न्हवतं झालं. त्या माणसाचा मार तू बघितलायस, माझ्या पाठीला तू हळद लावलीयस. पण लोक? साऱ्या तालुक्यात माझ्यामागं हेच चाललेलं. कुणाच्या घरची, कुणाच्या खाटेवरची. तोंडावर कुणी बोलेना. तोंडावर बोलल्याशिवाय जवाब कसा देणार? म्हणून मीच लिहिलं. म्हटलं, एकदा माइकवर येऊ दे सगळं, भर मैदानात, मग मी उठते. जवाब तयार व्हता रे. सवालापेक्षा भारी व्हता. आठवडाभर खपले व्हते मी त्याच्यावर.

म्हाळूदादानं 'खाट' म्हटलं, लोक हसले. मी माइकला हात घातला. आन् तेवढ्यात तू उडी मारलीस. त्याची पेटी उचलून त्याच्याच अंगावर घातलीस. दगड सुरू झाले, पोलीस आले, सामना मोडला. म्हाळूदादाची दोन बोटं मोडली, पेटी गेली. त्यानंतर दोन्ही पार्ट्यांना कुणी कार्यक्रमाची सुपारी दिली न्हाई. लोकांच्या कानात काय राहिलं? सवाल. फक्त सवाल. आन् तू घरी येऊन म्हणतोस, "अक्का, बघ, मी बदला घेतला." छाती फुगवून.

म्हणून म्हटलं, माझ्या उंबऱ्याला पाय लावू नकोस. आणखी काय म्हणू? खरं सांगितलं असतं तर म्हाळूदादाचं उरलंसुरलं नाव गेलं असतं, आन् बाईनं स्वतःवर असले शब्द रचले हे पटलं तरी कुणाला असतं? तू मारलंस ते माझ्यासाठी, हे मला कळत व्हतं. पण माझा जवाब तू मारलास महेंद्र. म्हाळूला न्हाई, मला मारलंस.

झालं. सांगितलं.

आता काम. म्हाळूदादा दौंडलाच हाय म्हणतात, स्टेशनामागं. त्याच्याकडं जा. होय, तूच जा. त्याला म्हणावं, चौदा तारखेला आमच्या विहारात धम्मचक्राचा कार्यक्रम हाय, माइक हाय, ढोलकी हाय. येऊन तोच सवाल टाक माझ्यावर, सगळ्यांपुढं. जवाब मी देते. आन् तू ती कॅसेट घेऊन ये. कोरी बाजू कोरी हाय ना अजून? त्याच्यावर दुसरं कायबी भरू नकोस.

उद्या काय करायचं ते मी अजून बन्सीला सांगितलेलं न्हाई.

सुरेखा

१३ ऑक्टोबर

महेंद्र,

अर्ज मागं घेतला न्हाई. आधी ते सांगते.

काल शिरूरला कचेरीत सगळे हजर. बापूसाहेब स्वतः आलेले, पांढरे शुभ्र, खुर्चीत बसून चहा पीत. मला म्हणाले, "सुरेखाबाई, तुमच्या भल्यासाठीच सांगतो. इज्जत गेली की परत येत नाही. सही करा आन् मोकळ्या व्हा." फार गोड बोलतात रे. मी कागद हातात धरून उभी. अक्षरं दिसंनात. बन्सीकडं बघितलं तर बन्सी जागेवर न्हाई. म्हटलं, गेला. हाबी गेला.

तर तो बापूसाहेबांच्या खुर्चीपाशी. खिशातनं ट्रॅक्टरची किल्ली काढली, त्यांच्या बशीशेजारी ठेवली आन् माझ्याजवळ येऊन म्हणाला, "चल, यष्टी जाईल." एवढंच.  मी खिडकीकडं तोंड करून रडत व्हते आन् तो शेंगा सोलून माझ्या वट्यात टाकत व्हता.

आता तुझी चिठ्ठी. दोनदा वाचली. म्हाळूदादाच्या गळ्याचं आपरेशन झालं, आवाज गेला, हे मला कुणी कसं सांगितलं न्हाई? तो गळा! त्या गळ्यासाठी मी लिहायला शिकले म्हण ना. तू लिहितोस, दार उघडून तुला बघताच त्यानं दोन्ही हात पाठीमागं लपवले, आन् मग तूच खाली बसलास, मग तो हसला. हसताना नुसती हवा येते म्हणतोस. बरं झालं गेलास. तू पाया पडलास का न्हाई ते लिहिलं न्हाईस. पडला असशील. मी तुला वळखते.

पण मग माझं काय? तो गाऊ शकत न्हाई. उद्या मी एकटी माइकवर उभी राहून काय करू? सवाल समोरनं यावा लागतो. समोरच्या माइकवरनं, समोरच्या पार्टीकडनं. न्हाईतर तो जवाब ऱ्हातच न्हाई, ते रडगाणं व्हतं. बाई आपली सफाई देतीय, म्हंजी कायतरी असणारच, असं म्हणतील. गावातला दुसरा कोण गाईल तो सवाल? आपल्यातला गायला तर म्हणतील ठरवून केलं. आन् त्यांच्यातला कोण आपल्या विहारात येऊन

थांब. जीप आली.

लिहायचं थांबवून दारात उभी राहून पुरतं ऐकलं. आजवर कानावर हात ठेवून ऐकत व्हते. आज गाणारी म्हणून ऐकलं. महेंद्र, काय लावलाय म्हाळूदादानं तो वरचा सूर 'वाट' वर! आन् शेवटाला लोक हसतात, मग धाड करून तुझी ती पेटी, मग खर्रर्र, मग शांत. मग जीपवाला परत पहिल्यापासनं लावतो. त्या मधल्या वेळात एक माणूस सहज खाकरून, घसा साफ करून उभा राहील.

अरे, सवाल दारात येऊन उभा ऱ्हातोय रे! रोज येतोय. समोरच्या पार्टीनं, समोरच्या कर्ण्यातनं, पैसे भरून पाठवलाय. आणखी कुठला म्हाळू पायजे मला? उद्या कार्यक्रम बुडवायला जीप विहारापुढं येणारच, आल्याशिवाय ऱ्हाणार न्हाई.

म्हाळूदादाला घेऊन ये. गाऊ नको म्हणावं. बोटं चालतात का इचार. पेटी मी इथं बघते. आन् तुझा टेप आन् ती कॅसेट. इसरलास तर उंबऱ्याचं सोड, वेशीतसुद्धा घेणार न्हाई.

 सोळा वर्षं गायले न्हाई. जात्यावर न्हाई, अंगाईला न्हाई. गळा हाय का गेला हे उद्या माइकपुढंच कळणार.

सुरेखा

१५ ऑक्टोबर

महेंद्र,

तू व्हतास, तू बघितलंस. तरी लिहिते. तुझं तोंड सगळा वेळ त्या टेपात खुपसलेलं, दिवा लाल हाय का न्हाई तेच बघत व्हतास. काय बघितलं असशील?

वंदना झाली, दोन भाषणं झाली, आन् जीप आली. बरोब्बर विहारापुढं आडवी लावली. इंद्रजीत पुढं बसलेला, काळा चष्मा, तिन्हीसांजेला. कर्णा आमच्याकडं वळवला आन् सोडला सवाल. आपली पोरं उठली, कुणी दगड उचलला. मी माइकवरनं ओरडले, "खाली बसा! वाजू द्या. पुरतं वाजू द्या. आपला कर्णा बंद करा." सगळे माझ्याकडं बघायला लागले, ह्या बाईचं डोकं फिरलं म्हणून. तू पण बघितलंस, तेवढं मला दिसलं.

आन् मग पेटी वाजली. म्हाळूदादा मांडी घालून बसला, त्या वाकड्या बोटांनी एक-दोन सूर चाचपले आन् जीपवरच्या स्वतःच्याच आवाजाला धरलं. दुसऱ्या ओळीला ढोलकीवाल्याला कळलं, त्यानं थाप दिली. बघता बघता जीपचं गाणं आमच्या मैफिलीतलं झालं. म्हाळूदादाचे ओठ हालत व्हते, आवाज कर्ण्यातनं येत व्हता. बायकांनी पदर तोंडाला लावले. इंद्रजीतला काय चाललंय तेच समजेना, त्यानं आवाज आणखी वाढवला. बरंच झालं, मागच्यांनाबी ऐकू गेलं.

'अंधारात खाट.' हशा. धाड. खर्रर्र.

त्या शांततेत मी तोंड उघडलं आन् आवाज आला न्हाई. खरंच आला न्हाई रे. नुसती हवा, म्हाळूदादासारखी.  समोर नळावरच्या सगळ्या बायका, बन्सी चपला हातात धरून उभा, आन् म्हाळूदादानं तोच सूर धरून ठेवलेला, सोडेना, भाता हालवतोय, माझ्याकडं बघतोय. सारजाबाई पहिल्या ओळीतनं म्हणाली, "आगं लाव की, पाणी गार व्हतंय." कसलं पाणी, कुठलं पाणी! मला हसू फुटलं, आन् हसण्याबरोबर गळा सुटला.

चूल सोडली, धूर सोडला, गळा न्हाई सोडला,
लाथ मारुनी उंबऱ्याला मी रस्ता माझा जोडला.
दिवा व्हता, वात व्हती, कुणी मारली फुंक?
नाव सांग त्या मर्दाचं, मग माझ्यावर थुंक!

एकदा गायले. बायका उठल्या. दुसऱ्यांदा गायले, तवा 'कुणी मारली फुंक' त्याच गायला लागल्या. नळावर गप बसणाऱ्या त्याच. डोकेदुखीवाली सविता सगळ्यात मोठ्यांदा. दर एकीला आपापल्या घरातला फुंकर मारणारा माहीत व्हता, असं मला वाटलं.

इंद्रजीत गडबडला. त्याच्याकडं दुसरं काय व्हतं? तेच गाणं परत लावलं. आन् म्हाताऱ्या उठल्या रे! ज्यांनी जलसे बघितलेत त्या सगळ्या. "ह्येचा जवाब झाला! पुढचा सवाल टाक!" "नाव सांग, नाव!" एकदा जवाब झालेला सवाल परत टाकला की ती पार्टी हरली, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक न्हवतं. म्हस्कूबाबानं, नव्वदीचा म्हातारा, नारळ मागितला आन् जीपच्या बॉनेटवर ठेवला. हरलेल्या पार्टीला देतात तसा. मग वाजवायचं बंद. गल्ली बारीक, जीप वळंना, ती वेशीपर्यंत मागं मागं गेली, आन् पोरं पुढं चालत, "पुढचा सवाल!"

मी तुला शोधत व्हते. तू कॅसेट काढलीस, खिशात घातलीस, म्हाळूदादाला हाताला धरलंस आन् शेवटच्या यष्टीला गेलास. घर शंभर पावलावर व्हतं. चहा ठेवला व्हता. भैरू म्हणाला, इचारलं तर तू म्हणालास, "अक्कानं उंबऱ्याला पाय लावू नको म्हटलंय, अजून मागं घेतलेलं न्हाई."

किती नीट लक्षात ठेवतोस रे नको ते.

सुरेखा

२३ ऑक्टोबर

महेंद्र,

निवडून आले. भैरूनं सांगितलंच असंल, त्याच्या पोटात काय ऱ्हात न्हाई. बापूसाहेबांनी घरी पेढे पाठवले, सारजाबाईनं ते जीपवाल्याच्या पोरांना वाटून टाकले. बन्सीला कारेगावला टेम्पोवर काम मिळालंय. नळाचं बघू, भांडण आता सुरू झालंय.

काल शिरूरला जाऊन तुझा ब्लॉग उघडला. दुसरी बाजू अजून चढवली न्हाईस. तुझी चिठ्ठी म्हणते, परवानगीची वाट बघतोय. आधीच्या वेळी कुठं गेली व्हती परवानगी?

चढव. दोन्ही बाजू एका जागी, एकाच गाठीत. एकटी अ बाजू कुणाला उतरवता येता कामा नये, त्याची काय युक्ती असंल ती तू जाण. माझा गळा सुरुवातीला लागला न्हाई, ती नुसती हवा कापू नकोस. क्लॅरिनेटवाल्याची शिंक ठेवतोस तर ही ठेव. पेटी म्हाळूदादाची, गायन म्हाळूदादाचं आन् माझं. हॉलंडच्या माणसाला कळव, त्याला म्हणावं मिळाली.

आन् शब्दांपुढं माझं नाव घाल. जवाबाच्या पुढं घालशीलच. मी सवालाच्या पुढं म्हणतीय. म्हाळूदादाला इचारलंय, त्यानं मान हालवून हो सांगितलं. आता कुणाला काय वाटायचं ते वाटू दे.

यायच्या आयतवारी ये. उंबऱ्याचं मागं घेतलंय. तोंडी न्हाई, लिहून देतीय, जपून ठेव. सारजाबाईनं त्या खाटेची एक गात, बाजूचा लांब दांडा, राखून ठेवलीय. म्हणती, सुरेखाचा भाऊ सोळा वर्षांनी येतोय, त्याच्या अंघोळीला पाणी कडकडीत पायजे.

अक्का